विश्लेषण : गेमिंग संगणक वर्षानुवर्षे टिकावा असा निवडायचा कसा? सेमूर क्रे यांचे आयुष्य काय सांगते?

नवा गेमिंग संगणक घ्यायचा ठरला की घरोघरी तीच चर्चा सुरू होते. पैसे मोजकेच आहेत, मग मोठा वाटा प्रोसेसरवर घालायचा की ग्राफिक्स कार्डवर? जास्त कोअरचा प्रोसेसर बरा की कमी पण वेगवान कोअरचा? आज घेतलेले यंत्र पाच-सहा वर्षे तरी पुरेल का? दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरे आणि यूट्यूबवरचे परीक्षक तिसरेच. हे प्रश्न मात्र नवे नाहीत. महासंगणकांचे जनक मानले जाणारे अमेरिकी अभियंते सेमूर क्रे यांनी सुमारे ४५ वर्षे याच प्रश्नांशी झुंज दिली. त्यांच्या एकेका यंत्राची किंमत लाखो डॉलर होती आणि निवड चुकली तर कंपनीचे दिवाळे निघणार होते. ते अनेकदा जिंकले आणि शेवटी एकदा हरलेही. त्यांच्या जिंकण्या-हरण्यात आजच्या खरेदीदाराला उपयोगी पडेल असे बरेच काही आहे.

सेमूर क्रे कोण होते?

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील चिपेवा फॉल्स या छोट्या गावात झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. मुलाला विजेच्या उपकरणांचे वेड आहे हे ओळखून त्यांनी घराच्या तळघरात त्याला खटपटीसाठी जागा करून दिली. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास या मुलाने खेळण्यातले सुटे भाग जोडून, कागदी पट्टीवरच्या छिद्रांचे मोर्स संकेतांत रूपांतर करणारे यंत्र तयार केले होते.

दुसऱ्या महायुद्धात क्रे लष्करात रेडिओ ऑपरेटर होते. आधी युरोप आणि नंतर फिलिपिन्स येथे त्यांनी काम केले. युद्धानंतर मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि १९५१ मध्ये उपयोजित गणिताची पदव्युत्तर पदवी घेतली. सेंट पॉल शहरातील ‘इंजिनीअरिंग रिसर्च असोसिएट्स’ या कंपनीत ते रुजू झाले. नौदलासाठी सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या मंडळींनी ही कंपनी उभी केली होती. संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम तेव्हा कुठे नव्हताच. क्रे हे शास्त्र कामावरच शिकले.

पुढे कंपनी मोठ्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. कारभाराला कंटाळून विल्यम नॉरिस यांच्यासह काही जण बाहेर पडले आणि त्यांनी १९५७ मध्ये ‘कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन’ (सीडीसी) स्थापन केली. क्रे तेथे गेले. व्हॅक्यूम ट्यूबच्या जागी ट्रान्झिस्टर वापरणारा त्यांचा ‘सीडीसी १६०४’ हा संगणक १९६० मध्ये ग्राहकाकडे पोहोचला आणि नवख्या कंपनीचे बस्तान बसले.

३४ जणांच्या चमूने आयबीएमला मागे कसे टाकले?

बैठका, अहवाल आणि सतत येणारे पाहुणे यांचा क्रे यांना तिटकारा होता. १९६२ मध्ये त्यांनी आपली प्रयोगशाळा मुख्यालयापासून दूर, थेट चिपेवा फॉल्सला हलवली. तेथे जेम्स थॉर्नटन आणि मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी ‘सीडीसी ६६००’ उभारला. १९६४ मध्ये आलेले हे यंत्र सेकंदाला सुमारे ३० लाख गणिते करू शकत असे. आयबीएमच्या तोवरच्या सर्वांत वेगवान ‘स्ट्रेच’ संगणकाच्या तुलनेत हा वेग सुमारे तिप्पट होता.

या यंत्राची घोषणा झाली तेव्हा आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन (ज्युनिअर) यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एक चिडलेले पत्र लिहिले. सफाई कामगारासह अवघ्या ३४ जणांची प्रयोगशाळा आपल्या अवाढव्य कंपनीच्या पुढे कशी गेली, याचा जाब त्यांनी विचारला होता. ऑगस्ट १९६३ मधले हे पत्र संगणकाच्या इतिहासात गाजले.

या यशामागचे तांत्रिक कारण गेमिंग संगणक घेणाऱ्याने समजून घ्यावे असे आहे. तोवरच्या संगणकात मुख्य प्रोसेसर सगळीच कामे करत असे. कार्डे वाचणे, टेपवर लिहिणे, छपाईकडे लक्ष देणे आणि उरलेल्या वेळात गणिते. क्रे यांनी ही किरकोळ कामे दहा छोट्या साहाय्यक प्रोसेसरांकडे सोपवली आणि मुख्य प्रोसेसरला फक्त गणितासाठी मोकळे ठेवले. मुख्य प्रोसेसरच्या आतही बेरीज, गुणाकार, भागाकार असे दहा स्वतंत्र विभाग होते आणि ते एकाच वेळी चालत. ज्याचे काम त्याने करावे, ही ती रचना. आज प्रोसेसरकडे खेळाचे नियम आणि ग्राफिक्स कार्डकडे चित्र रंगवणे, ही वाटणी याच विचारातून आली आहे.

‘स्टार-१००’ का फसला?

१९६९ मध्ये आलेला ‘सीडीसी ७६००’ आणखी वेगवान होता. त्यानंतरचा ‘८६००’ मात्र जमेना. भाग इतके दाटीवाटीने बसवले होते की उष्णता आवरत नव्हती आणि एक सुटा भाग बिघडला की सगळे यंत्र ठप्प होई. क्रे यांना नव्याने सुरुवात करायची होती, पण कंपनीकडे तितका पैसा नव्हता. १९७२ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘क्रे रिसर्च’ स्थापन केली. विशेष म्हणजे नॉरिस यांनी मनात अढी न धरता या नव्या कंपनीत पैसे गुंतवले.

त्याच काळात सीडीसीमध्ये ‘स्टार-१००’ नावाच्या दुसऱ्या महासंगणकाचे काम सुरू होते. त्यात व्हेक्टर पद्धत होती, म्हणजे एका आज्ञेत संख्यांच्या संपूर्ण रांगेवर एकच क्रिया करायची. कागदावर त्याचा वेग सेकंदाला १० कोटी गणिते इतका होता. प्रत्यक्षात १९७४ मध्ये यंत्र ग्राहकाकडे गेले तेव्हा निराशा झाली. लांबलचक रांगा असल्या तर ते धावत असे. पण एकेकटी, सुटी गणिते आली की रखडत असे. आणि प्रत्येक खऱ्या कामात सुटी गणिते असतातच.

जीन अ‍ॅमडाल या अभियंत्याने १९६७ मध्ये हाच धोका मांडला होता. एखाद्या कामाचा ९० टक्के भाग कितीही वेगवान केला, तरी उरलेल्या १० टक्क्यांना पूर्वीइतकाच वेळ लागणार. त्यामुळे एकूण वेग दहापटीच्या पुढे जाऊच शकत नाही.

गेमिंगमध्ये याचा अर्थ सोपा आहे. पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. समजा, एका फ्रेमची तयारी करायला प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागतात आणि ती रंगवायला ग्राफिक्स कार्डला ६ मिलिसेकंद. दोघे आळीपाळीने नव्हे तर समांतर काम करत असले, तरी फ्रेम १२ मिलिसेकंदांनीच येणार. म्हणजे सेकंदाला साधारण ८३. आता दुप्पट महागडे कार्ड बसवले आणि त्याचे काम ३ मिलिसेकंदांवर आले, तरी आकडा ८३ वरच राहील. खर्च झाला, हाती काही आले नाही. स्टार-१०० चे हेच झाले होते.

‘क्रे-१’चा आकार गोलाकार का होता?

क्रे यांनी हा धडा नीट घेतला. त्यांचा ‘क्रे-१’ रांगांच्या गणितात वेगवान होताच, पण सुट्या गणितातही तो त्या काळातला सर्वांत चपळ होता. रांगेतले आकडे दर वेळी दूरच्या मेमरीतून आणण्याऐवजी प्रोसेसरच्या अगदी शेजारी ठेवण्यासाठी त्यांनी आठ खास कप्पे केले. प्रत्येकात ६४ आकडे मावत. यंत्राचा ठोका ८० मेगाहर्ट्झचा, मेमरी जेमतेम ८ मेगाबाइट आणि कमाल वेग सेकंदाला १६ कोटी गणिते.

१९७६ मध्ये पहिले यंत्र लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत सहा महिन्यांच्या चाचणीसाठी गेले. वरून पाहिले तर ते रोमन ‘सी’ अक्षरासारखे दिसे. तळाशी भोवताली गादी घातलेला बाक होता आणि त्याखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा दडवली होती. गमतीने त्याला जगातील सर्वांत महागडा सोफा म्हटले जाई. पण तो आकार शोभेसाठी नव्हता. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटरच जातो आणि तारेतला विद्युत संकेत त्याहूनही कमी. त्यामुळे गोलाकार मांडणी करून क्रे यांनी यंत्रातली कोणतीही तार चार फुटांपेक्षा लांब होऊ दिली नाही.

आजच्या ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये एका ठोक्याच्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. मदरबोर्डवरची रॅम त्याहून दूर असते आणि तिथून माहिती यायला शेकडो ठोके खर्ची पडतात. म्हणूनच प्रोसेसरच्या पोटातली कॅश मेमरी खेळांसाठी इतकी मोलाची ठरते. क्रे यांच्या कंपनीला डझनभर यंत्रे खपतील असे वाटले होते. प्रत्यक्षात ८० हून अधिक विकली गेली.

ठोका वेगवान असूनही यंत्र मागे का पडते?

व्यवस्थापन हा क्रे यांचा पिंड नव्हता. १९८० मध्ये त्यांनी प्रमुखपद सोडले आणि स्वतंत्र कंत्राटी अभियंता म्हणून ते पुढच्या यंत्राच्या मागे लागले. जुन्याला चिकटून राहायचे नाही, दर वेळी कोऱ्या कागदावरून सुरुवात करायची, हा त्यांचा स्वभाव. अवघड प्रश्नावर विचार करताना ते घराखाली बोगदा खणत बसत, असे सहकारी सांगत. दरवर्षी नवी बोट बांधून हंगाम संपला की ती जाळून टाकत, अशी दंतकथाही त्यांच्याभोवती आहे.

त्यांचा ‘क्रे-२’ १९८५ मध्ये आला. तो उष्णता वाहून नेणाऱ्या, पण वीज न वाहणाऱ्या द्रवात अक्षरशः बुडवलेला होता. त्यात चार प्रोसेसर होते, ठोका सुमारे २४४ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी त्या काळी प्रचंड वाटणारी, म्हणजे २ गिगाबाइट. दरम्यान त्याच कंपनीत स्टीव्ह चेन यांच्या चमूने क्रे-१ चीच रचना सुधारून १९८२ मध्ये ‘एक्स-एमपी’ काढला होता. त्याचा ठोका क्रे-२ च्या निम्म्याहूनही कमी. तरीही अनेक कामांत प्रोसेसरमागे प्रोसेसर पाहिला तर क्रे-२ फारसा पुढे जात नसे, कारण त्याची मेमरी मोठी असली तरी तिथून माहिती येण्यास वेळ लागे. शिवाय क्रे-१ साठी आधी लिहिलेल्या प्रोग्रॅमांना एक्स-एमपी परका नव्हता. ज्यांना अफाट मेमरी हवी होती त्यांनी क्रे-२ घेतला. बाकीच्यांना एक्स-एमपी बरा वाटला.

एक्स-एमपीचा व्हिडीओ गेमशीही संबंध आहे. व्हिडीओ गेममध्ये पटाईत असलेल्या एका मुलाची गोष्ट सांगणारा ‘द लास्ट स्टारफायटर’ हा चित्रपट १९८४ मध्ये आला. त्यातली अवकाशयानांची संगणकनिर्मित दृश्ये क्रे एक्स-एमपीवर तयार झाली होती. आज घरातले ग्राफिक्स कार्ड याहून सरस चित्र सेकंदाला ६० वेळा काढते.

गिगाहर्ट्झचा आकडा फसवा असतो, याचा ताजा दाखलाही देता येतो. एएमडीचा ‘रायझेन ७ ५८००एक्स३डी’ हा प्रोसेसर २०२२ मध्ये आला. त्याचा कमाल ठोका आधीच्या ५८००एक्सपेक्षा कमी, पण कॅश तिप्पट, म्हणजे ९६ मेगाबाइट. बहुतेक खेळांत तो जुन्या भावंडाच्या पुढे गेला. शिवाय २०१७ पासूनच्या ‘एएम४’ मदरबोर्डांपैकी अनेकांवर तो बायोस अद्ययावत करून बसत होता. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी तो मदरबोर्ड घेतला होता, त्यांचा संगणक एका चिपमध्ये नव्याने तरुण झाला.

भारताशी आणि पुण्याशी काय संबंध?

मान्सूनचा अंदाज सुधारण्यासाठी भारताला १९८० च्या दशकात महासंगणक हवा होता. अण्वस्त्र आणि क्षेपणास्त्रांच्या कामाला तो वापरला जाईल या शंकेने अमेरिका तयार होईना. बऱ्याच वाटाघाटींनंतर एका प्रोसेसरचा क्रे एक्स-एमपी-१४ दिल्लीत आला, तोही हवामानाच्या कामापुरता वापरण्याच्या अटीवर. त्याहून ताकदवान यंत्राला परवानगी मिळाली नाही.

मागून मिळत नसेल तर आपणच करावे, या निर्धाराने १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली. मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्याकडे धुरा आली. तीन वर्षांत, सुमारे ३० कोटी रुपयांत काम पुरे करायचे होते. क्रे यांच्यासारखा एकेक बलाढ्य प्रोसेसर घडवण्याचे तंत्र हाताशी नव्हते. मग पुणेकर अभियंत्यांनी दुसरी वाट धरली. बाजारात मिळणारे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे छोटे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकमेकांना जोडून त्यांनी १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला.

नेमकी हीच वाट क्रे यांना पसंत नव्हती. शेत नांगरायचे तर थोडेच पण दणकट बैल हवेत, कोंबड्यांचा थवा जुंपून काय होणार, अशा अर्थाची त्यांची उपमा प्रसिद्ध आहे. पुण्यात तोच थवा जुंपला गेला आणि नांगर चालला.

शेवटची पैज का हरली?

‘क्रे-३’ साठी क्रे यांनी सिलिकॉनऐवजी गॅलियम आर्सेनाइडच्या चिप वापरायचे ठरवले. त्यात संकेत अधिक वेगाने धावत, पण चिप महाग आणि बनवायला कठीण होत्या. १९८९ मध्ये हा प्रकल्प मूळ कंपनीतून वेगळा झाला आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे ‘क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन’ उभी राहिली. वेळापत्रक लांबत गेले. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९९१ मध्ये मागणी रद्द केली. अखेर एकच यंत्र १९९३ मध्ये बोल्डर येथील वातावरण संशोधन केंद्रात पोहोचले.

क्रे खचले नाहीत. १ गिगाहर्ट्झ ठोक्याच्या ‘क्रे-४’ वर त्यांचे काम सुरू होते. पण शीतयुद्ध संपले होते, सरकारी प्रयोगशाळांचा हात आखडला होता आणि साध्या संगणकांत बसणाऱ्या सिलिकॉनच्या स्वस्त चिप दरवर्षी झपाट्याने सुधारत होत्या. मार्च १९९५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. क्रे यांचे यंत्र वाईट नव्हते. ते तयार होईपर्यंत स्वस्त पर्याय पुढे निघून गेला होता. टोकाच्या तंत्रासाठी मोजलेली जास्तीची किंमत काळ किती लवकर गिळतो, याचे यापेक्षा मोठे उदाहरण सापडणे कठीण.

सत्तरी ओलांडलेल्या क्रे यांनी १९९६ मध्ये ‘एसआरसी कॉम्प्युटर्स’ ही नवी कंपनी काढली. या वेळी त्यांनी आयुष्यभराचा आग्रह सोडला होता. अनेक प्रोसेसर एकत्र जुंपणारे यंत्र त्यांना बनवायचे होते. ते राहून गेले. २२ सप्टेंबरला कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ महामार्गावर त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि ५ ऑक्टोबर १९९६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्या दोन-तीन महिन्यांतच, डिसेंबरमध्ये, इंटेलच्या हजारो पेंटियम प्रो प्रोसेसरांनी बनलेल्या ‘अ‍ॅस्की रेड’ने सेकंदाला एक लाख कोटी गणितांचा टप्पा ओलांडला.

मग बैल हरले आणि कोंबड्या जिंकल्या का?

तसेही नाही. १९९६ मध्येच ‘थ्रीडीएफएक्स’ कंपनीचे ‘वूडू’ कार्ड बाजारात आले आणि घरच्या संगणकात त्रिमितीय खेळांचे युग सुरू झाले. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कोंबड्यांचा थवाच. २०२१ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या मध्यम किमतीच्या ‘आरटीएक्स ३०६०’ मध्ये ३५८४ छोटे गणक आहेत आणि त्याचा कमाल वेग सेकंदाला १२ लाख कोटी गणितांहून अधिक आहे. त्याची गणिते क्रे-१ च्या तुलनेत निम्म्या अचूकतेची असली, तरी आकडा हजारो पटींनी मोठा आहे. गंमत म्हणजे या थव्याला हाकण्याची पद्धत क्रे-१ शी नाते सांगणारी आहे. एक आज्ञा द्यायची आणि ३२ किंवा ६४ आकड्यांवर ती एकदम राबवायची.

पण शत्रू कुठून येईल, गोळी कुणाला लागली, दार उघडले की नाही, हे ठरवणारी गणिते एकामागून एक करावी लागतात. तेथे बैलच लागतो. म्हणून आजचे महासंगणकही दोन्ही वापरतात. अमेरिकेतील ‘फ्रंटियर’ हा २०२२ मधला महासंगणक आजही क्रे यांचे नाव लावणाऱ्या मालिकेतला आहे आणि त्याच्या प्रत्येक नोडमध्ये एका प्रोसेसरच्या जोडीला चार ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. पुण्यात पाषाण येथील उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये बसवलेला ‘प्रत्युष’ हासुद्धा क्रे एक्ससी४० जातीचाच. ज्या कंपनीच्या यंत्रासाठी एकेकाळी अटी मान्य कराव्या लागल्या, तिचेच यंत्र नंतर पुण्यात मान्सूनचा अंदाज वर्तवू लागले.

निवड करताना नेमके काय पाहावे?

सुरुवात मॉनिटरपासून करावी. फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात, फोर-केवर ८३ लाख. बिंदू चौपट झाले की ग्राफिक्स कार्डचे काम वाढते. प्रोसेसरचे काम जवळपास तेवढेच राहते. त्यामुळे मोठ्या रिझोल्यूशनवर ६० फ्रेम पुरेशा असणाऱ्याने पैसा कार्डावर घालावा. फुल एचडीवर १४४ किंवा अधिक फ्रेम हव्या असणाऱ्याला प्रत्येक फ्रेमसाठी सात मिलिसेकंदही मिळत नाहीत. त्याने प्रोसेसरमध्ये काटकसर करू नये.

सध्याच्या संगणकात अडचण कुठे आहे, हे घरीच तपासता येते. खेळाचे रिझोल्यूशन कमी करून पाहावे. फ्रेमची संख्या वाढली तर कार्ड कमी पडते आहे. जशीच्या तशी राहिली तर प्रोसेसर.

कोअरच्या संख्येमागे फार धावू नये. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये आठ कोअरचे प्रोसेसर आहेत आणि मोठे खेळ त्यांना समोर ठेवून लिहिले जातात. सहा ते आठ वेगवान कोअर आणि भरपूर कॅश, हे मिश्रण १६ संथ कोअरपेक्षा जास्त काळ साथ देते.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही. २०१७ मधले ११ जीबी मेमरीचे ‘जीटीएक्स १०८० टीआय’ अनेक वर्षे कामी आले. २०१६ मधल्या ‘१०६०’ ची ३ जीबीची आवृत्ती ६ जीबीच्या भावंडापेक्षा लवकर थकली. आज दीर्घकाळाचा विचार असेल तर ८ जीबीवर न थांबता १२ किंवा १६ जीबीकडे पाहावे.

उष्णतेने सीडीसी ८६०० ला मारले, हे विसरू नये. साधा कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर चांगला कूलर, हवा खेळणारा कॅबिनेट आणि जरा जास्त क्षमतेचा, खात्रीचा वीजपुरवठा यांवरचा खर्च वाया जात नाही.

आणि शेवटी, पुढच्या पिढीचा प्रोसेसर ज्यावर बसेल असा मदरबोर्ड घ्यावा आणि सर्वांत वरच्या पायरीवरचे कार्ड टाळावे. वाचलेले पैसे तीन-चार वर्षांनी नव्या कार्डाला उपयोगी पडतात. क्रे यांना दर वेळी जगातील सर्वांत वेगवान यंत्र हवे होते आणि त्या हट्टाने जगाला बरेच काही दिले. घरच्या संगणकाला तो हट्ट परवडत नाही. त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट मात्र कुणालाही परवडते: कोणताही एक भाग बाकीच्यांना ताटकळत ठेवणार नाही, इतका समतोल.